डीपी जळाल्यावरचे नऊ दिवस: घडीच्या सोलर पॅनलवर लॅपटॉप चालवण्याचं एक प्रकरण

"मामा, पॅनल फसवं निघालं. घडीत चार्जिंग चालू, घडीत बंद. नुसतं टुंग टुंग वाजते. लॅपटॉप सात टक्क्यावर आला."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भाचीचा हा फोन आला तेव्हा मी दुकानात साडेसात एचपीची मोटर उघडून बसलो होतो. तिचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्यापासून 19 किलोमीटर आत. तीन दिवसांआधी रात्री कडकड झाली आणि गावची डीपी, म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली. शेतीच्या कामाचे दिवस, आजूबाजूच्या गावांतही तेच, त्यामुळे नवी डीपी कधी येते याचा नेम नव्हता. भाची घरूनच ऑनलाइन कामं करते: सातबारा, शिष्यवृत्ती, आणि जुलैत मुख्यतः पीक विमा. खरिपाच्या विम्याची मुदत साधारण 31 जुलैला संपते. म्हणजे वर्षातले कामाचे पंधरा दिवस आणि लाइनचा पत्ता नाही, असा तो प्रकार.

तिच्याकडे ऑनलाइन मागवलेलं 100 वॉटचं घडीचं पॅनल होतं. चार पानं, कापडात शिवलेली, मागे एका खिशात छोटा डबा. त्यात सी-टाईपचं एक भोक आणि साध्या डीसी पिनचं एक. लॅपटॉप जुना घेतलेला, सी-टाईपवर चार्ज होणारा, चार्जर 65 वॉटचा. कागदावर हिशेब अगदी सोपा: 100 मोठे, 65 लहान. मग अडतं कुठे?

दुसऱ्या दिवशी मीटर, केबलचं भेंडोळं आणि दुकानात कोपऱ्यात पडलेली एक बॅटरी गाडीवर टाकून गेलो.

पॅनल टिनावर पसरलेलं होतं. आभाळ पातळ, मधूनच ऊन. आधी नुसतं व्होल्टेज पाहिलं: 20.6. भाची म्हणाली, "तेच तं म्हणते मी, व्होल्टेज बरोबर हाय." इथेच बहुतेक लोक फसतात. पॅनलला काही जोडलेलं नसताना व्होल्टेज जवळजवळ पूर्ण दाखवतं, ऊन असो की ढग. ऊन किती आहे हे अँपिअर सांगतात. मीटर 10 अँपिअरच्या भोकावर लावून पॅनलच्या दोन तारा मीटरमधूनच शॉर्ट केल्या. पॅनलच्या मागे शॉर्ट सर्किट करंट 6 अँपिअर लिहिलेला. ढगात आला 1.6. दोन मिनिटांनी ऊन पडलं तसा 5.1. पॅनल ठणठणीत होतं. (ही चाचणी पॅनलवरच करायची. बॅटरीवर कोणी केली तर मीटर हातातच फुटेल.)

आता 1.6 म्हणजे जेमतेम पाव पॅनल, पंचविसेक वॉट. तिकडे सात टक्क्यांवर आलेला लॅपटॉप किती मागतो? सी-टाईपच्या दोन टोकांमध्ये लावायचं छोटं मीटर माझ्याकडे होतं. रिकामी बॅटरी भरत असताना, वर काम चालू: 58 वॉट. बॅटरी भरलेली असताना, फॉर्म भरणं चालू, उजेड अर्धा: 13 वॉट. हे दोन आकडे मी त्याच दिवशी तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच ठरलं.

टुंग टुंग का वाजत होतं ते असं. सी-टाईपच्या चार्जिंगमध्ये आधी बोलणी होतात. चार्जर सांगतो, मी 5, 9, 15, 20 व्होल्ट देऊ शकतो, इतके अँपिअर. लॅपटॉप त्यातला आपल्या सोयीचा पर्याय उचलतो. पॅनलच्या खिशातला डबा म्हणतो, 20 व्होल्टवर 3 अँपिअर देतो, म्हणजे 60 वॉट. त्याला आभाळाचं काही घेणंदेणं नाही. लॅपटॉप शब्दावर विश्वास ठेवून 58 वॉट ओढायला लागतो. ढग येतो. पॅनलकडून तेवढे वॉट निघत नाहीत, व्होल्टेज घसरतं. आणि व्होल्टेज घसरलं की आतला कन्व्हर्टर तेवढेच वॉट मिळवायला आणखी अँपिअर ओढतो. लो व्होल्टेजवर पंप चालवला की मोटर जास्त अँपिअर घेते आणि वायंडिंग जळते, त्यावर तर माझं दुकान चालतं. हा त्याच जातीचा प्रकार. फरक एवढाच की पॅनलकडे उन्हाइतकेच अँपिअर असतात, त्याहून एक जास्त नाही. मग व्होल्टेज एकदम बसतं, डबा बंद पडतो, ओझं उतरतं, व्होल्टेज परत चढतं, बोलणी परत सुरू. टुंग. तीन दिवसांत हे किती वेळा झालं असेल देव जाणे.

विकणाऱ्याच्या व्हिडिओत लॅपटॉप छान चालतो, ते खोटं नसावं. भरलेला लॅपटॉप, कडक ऊन, मागणी 13 वॉट: चालणारच. रिकामा लॅपटॉप आणि आषाढाचं आभाळ त्या व्हिडिओत नसतं.

भाऊजींना मी एवढंच सांगितलं, "पॅनल म्हणजे झरा. झऱ्यावर मोटर लावता का तुमी? हवा धरते ना? आधी विहीर लागते." ते लगेच म्हणाले, "मंग विहीर कोणती?"

विहिरी घरात दोन होत्या, आणि दोन्ही अडकलेल्या. एक फवारणीच्या बॅटरी पंपातली, 12 व्होल्ट 8 अँपिअर-तास. ती भाचीनं आधीच वापरून पाहिली होती. शेजारच्या पोरानं पॅनलच्या डीसी तारा थेट तिला जोडून दिल्या, मध्ये बॅटरी जास्त भरू न देणारा कंट्रोलर नाही, आणि पुढे कारचा छोटा इन्व्हर्टर, त्याला लॅपटॉपचा मूळ चार्जर. वीस मिनिटांत इन्व्हर्टर चीं चीं करून बंद. 8 अँपिअर-तास हे लेबल अशा बॅटरीवर सहसा वीस तासांच्या हिशेबानं असतं, म्हणजे सतत 0.4 अँपिअर ओढले तर. इथे 58 वॉट आणि वर दोन वेळा रूपांतर, 12 डीसीचे 230 एसी आणि 230 एसीचे परत 20 डीसी. वाटेत पाव भाग उष्णतेत जातो. बॅटरीवर ओढ पडली साडेसहा अँपिअरची. तीन हंगाम फवारणी केलेल्या बॅटरीनं एवढ्यात मान टाकली तर दोष तिचा नाही. शिवाय दोन दिवसांनी सोयाबीनमध्ये तणनाशक मारायचं होतं, पंप तर लागणारच होता.

दुसरी विहीर झटका मशीनची. शेताच्या कुंपणाला जनावरांना झटका देणारी तार, 12 व्होल्टची बॅटरी आणि तिचं स्वतःचं 40 वॉटचं पॅनल. आमच्याकडे आता हे धुऱ्याधुऱ्यावर दिसतं. ती बॅटरी चांगली होती, आणि झटका मशीन खातं फार थोडं; सेकंद-सव्वा सेकंदानं एक ठोका, बाकी वेळ निवांत. हिशेबानं त्यातली अर्धी वीज लॅपटॉपला देता आली असती. पण भाऊजींपुढे हिशेब चालला नाही. "झटक्याची बॅटरी काढाची नाही बरं. रातच्यानं रोही येते, एका रातीत अर्धा एकर साफ." रोही म्हणजे नीलगाय. त्यांचं बरोबर होतं, मी तो विषय वाढवला नाही.

म्हणून माझी कोपऱ्यातली बॅटरी. कुठल्याशा यूपीएसमधून निघालेली, 26 अँपिअर-तासांची, बंद जातीची, पाणी न लागणारी. लेबलवर माझा भरवसा नसल्यानं ती आदल्या रात्रीच तपासून ठेवली होती. तपासायला मोठं यंत्र लागत नाही. गाडीच्या ब्रेकलाइटचा 12 व्होल्ट 21 वॉटचा बल्ब भरलेल्या बॅटरीला लावायचा, घड्याळ पाहायचं, व्होल्टेज साडेदहावर आलं की थांबायचं. बल्ब पावणेदोन अँपिअर खातो. संध्याकाळी सातला लावला, पहाटे पावणेपाचला साडेदहावर आला. पावणेदहा तास, म्हणजे 17 अँपिअर-तास. 26 लिहिलेलं, 17 उरलेलं. वॉट-तासांत दोनशे, आणि शिसं-आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली नेऊ नये म्हणून कामाचे शंभर. चाचणी संपल्याबरोबर चार्जरवर टाकली, कारण अशी बॅटरी उतरलेली ठेवली की प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि ती कायमची जाते.

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असती तर काम सोपं होतं, हलकी आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. पण ती तालुक्यात मिळाली नाही, आणि मागवायला वेळ नव्हता.

जोडणी अशी केली. पॅनलची साधी डीसी पिन, पुढे 10 अँपिअरचा साधा, पीडब्ल्यूएम जातीचा कंट्रोलर, पुढे बॅटरी. बॅटरीच्या प्लसवर हातभर अंतरावर 10 अँपिअरचा फ्यूज. आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनल, काढताना उलट. कंट्रोलरच्या लोडच्या टोकांना कारमधला सी-टाईप चार्जर, 12 व्होल्टवरून थेट लॅपटॉपचं व्होल्टेज करणारा. इन्व्हर्टर बाद. पाव भाग जात होता तिथे आता दहावा भाग.

मोठा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलचं जास्तीचं व्होल्टेज वाया न घालवता अँपिअरमध्ये बदलणारा) का नाही, असं दुकानात बरेच जण विचारतात. पॅनलवर 18 व्होल्ट लिहिलेले असतात ते 25 अंश तापमानाच्या सेलचे. आपल्याकडे सेल 60 अंशांवर सहज जातो आणि तिथे हे व्होल्टेज साडेपंधरावर येतं. बॅटरी भरताना साडेतेरा-चौदावर असते. मधलं अंतरच राहत नाही, तर महागडा कंट्रोलर वाचवणार काय? हिवाळ्यात सकाळी, थंड पॅनलवर फरक दिसतो. मोठ्या पॅनलला दिसतो. 100 वॉटला विदर्भात मी पीडब्ल्यूएमच देतो.

एवढं करून पहिल्या तासाला मनासारखं चार्ज होईना. ऊन होतं, तरी. पॅनलपाशी 16.1 व्होल्ट, बॅटरीपाशी 13.8. वाटेत 2.3 व्होल्ट गेले कुठे? पॅनल टिनावर, बॅटरी माजघरात, मध्ये शेजारच्या पोरानं लावलेली घंटीची पातळ तार, सहा मीटर. हात लावला तर कोमट. अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, जाऊन-येऊन 12 मीटर, म्हणजे अर्ध्या ओहमच्या आसपास. 5 अँपिअर त्यातून गेले की अकरा-बारा वॉट तार गरम करण्यात जातात. भेंडोळ्यात सबमर्सिबलची अडीच चौरस मिलिमीटरची फ्लॅट केबल होती, ती टाकली. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत आला. या प्रकरणात सगळ्यात कमी खर्चाची आणि सगळ्यात जास्त फायद्याची दुरुस्ती हीच. मी ती आधी करायला हवी होती. तार आधीपासून लागलेली दिसली म्हणून मी गृहीत धरली, हे माझं चुकलं.

मग जागा. टिनावर पॅनल खालूनही भाजतं, म्हणून बाईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, अंगणात बाज टाकली आणि पॅनल बाजेच्या सुंबावर पसरलं. खालून वारा खेळतो. भाचीनं बाज दक्षिणेला कलती केली होती, कारण सगळीकडे तसं सांगतात. डिसेंबरात ते बरोबर आहे. तेव्हा आपल्याकडे दुपारचा सूर्य दक्षिणेला फार खाली, साधारण 46 अंशांवर असतो. पण यवतमाळच्या अक्षांशावर मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडूनच जातो. आणि ढग असले की उजेड एका बाजूनं येतच नाही, सगळं आभाळच उजळलेलं असतं. अशा वेळी पॅनल आडवं ठेवलेलं बरं. पाणी ओघळावं म्हणून दोन बोटं कल, बस.

सावलीचं मात्र तिला दाखवावं लागलं. दोरीवरच्या ओल्या लुगड्याचं एक टोक एका पानाच्या कोपऱ्यावर सावली धरून होतं. करंट 2.4. लुगडं सरकवलं, 5. सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एक अंधारात गेला की तो मागच्यांनाही अडवून धरतो. "एवढीशी सावली!" भाची म्हणाली. बाईनं न बोलता दोरी सोडून पलीकडे बांधली.

पाऊस आला की पॅनल उचलायचं काम बाईकडे आलं. पानं भिजली तर चालतं, पण खिशातल्या डब्यात पाणी गेलं की संपलं. वाळत घातलेल्या पापडांवर असतं तसं तिचं लक्ष दिवसभर बाजेवर.

भाचीनं वहीत रोज लिहिलं. पहिला पूर्ण दिवस, ऊन-सावली: लॅपटॉपला गेले 118 वॉट-तास. दुसरा दिवस, ढग जास्त: 86. तिसऱ्या दिवशी झड लागली. दिवसभर एकसारखी रिपरिप, पॅनल परसातल्या पारदर्शक पत्र्याखाली: 31. लॅपटॉपच्या बॅटरीचाही अहवाल काढला, विंडोजमध्ये एका कमांडनं तो मिळतो. नवी असताना 41 वॉट-तास, आता 29. म्हणजे एकदा भरला की 13 वॉटनं सव्वादोन तास. हा आकडा कळल्यावर तिनं तास वाटून घेतले. दिवसा लोक येतात, सातबारा, आधार, पासबुक, पेरणीचं स्वयंघोषणापत्र गोळा करायचं, फोटो मोबाइलवर काढायचे, लॅपटॉप बंद. रात्री दहानंतर पोर्टल हलकं असतं, तेव्हा तीन तास बसायचं आणि सगळे फॉर्म एकदम भरायचे. दिवसा ऊन, रात्री काम. मध्ये बॅटरी नसती तर हे जमलंच नसतं, पॅनल 100 चं असो की 300 चं.

भिंतीवर तिनं खडूनं लिहिलं होतं: "सकाळी पॅनल लावायच्या आधी 12.1 च्या खाली असल तर आज फॉर्म बंद." निवलेल्या शिसं-आम्ल बॅटरीचं 12.1 म्हणजे साधारण अर्धी, 12.7 म्हणजे भरलेली. झडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी 12.0 होतं, आणि तिनं खरंच लॅपटॉप उघडला नाही. मी असतो तर उघडला असता.

एक गोष्ट मी उशिरा बदलली. कारचा चार्जर 65 वॉटचा होता, त्याऐवजी 45 चा लावला. लॅपटॉपनं कोपऱ्यात हळू चार्ज होतंय असा इशारा दिला, पण घेतला. काही लॅपटॉप घेतही नाहीत. बॅटरीवरची ओढ साडेपाच अँपिअरवरून चारवर आली आणि जुन्या बॅटरीला ती मानवली. रात्री कंट्रोलरची बॅटरी उतरल्याची लाल बत्ती लागणं थांबलं.

प्रिंटरचं मात्र काही करता आलं नाही. तिचा लेझर प्रिंटर गरम होताना काही शे वॉट मागतो, या बॅटरीला ते शक्य नाही. पावत्या व्हॉट्सअॅपवर पाठवल्या. दोन-तीन म्हातारे ऐकेनात, त्यांना कागदच पाहिजे होता, त्यांच्या पावत्या मी तालुक्याला काढून दिल्या.

झडीच्याच दिवशी दुसरं एक झालं, जे माझ्या कुठल्याच हिशेबात नव्हतं. संध्याकाळी मोबाइलची रेंज गेली. लाइन नसताना टॉवरही बॅटरीवरच असतो, तीही कधीतरी उतरते. लॅपटॉप जेमतेम भरलेला आणि नेट नाही. भाचीनं रात्र जाऊ दिली. सकाळी 12.0 दिसलं, त्या दिवशी काहीच केलं नाही. दुपारून ऊन निघालं, बॅटरी आणि लॅपटॉप दोन्ही भरले. दुसऱ्या दिवशी ती भाऊजींच्या गाडीवर बसून गावामागच्या बरडावर गेली. तिथे पलीकडच्या गावचा टॉवर दोन काड्या धरतो. बॅटरी घरी. लॅपटॉपच्या पोटात सव्वादोन तास होते. पळसाच्या झाडाखाली, डोक्यावर छत्री धरून भाऊजी, दगडावर लॅपटॉप, मोबाइलचा हॉटस्पॉट. पावणेदोन तासांत तिनं 23 फॉर्म टाकले. "मधात एक डाव सर्व्हर अटकला," ती नंतर म्हणाली, "तवा बाबा म्हणे, पोरी स्क्रीनचा उजेड कमी कर, चार्जिंग वाचव. आता तेई हिशेब करते."

त्याच दिवशी संध्याकाळी डीपी आली.

आठ दिवसांनी मी बॅटरी परत आणायला गेलो. माजघरात नव्हती. शेतात गेलो तर झटका मशीनला लावलेली दिसली; जुनीवर भाऊजींना संशय आला होता, बल्ब लावून त्यांनी ती तपासली म्हणे, चारच तास चालली. माझ्या बॅटरीवर खडूनं मोठ्ठं 17 लिहिलेलं होतं.

मी म्हटलं, "ठेवा. तिथं रोज भरून तं राहते."

"मंग काय तं," भाऊजी म्हणाले, "तुमच्या दुकानात कोपऱ्यात मरू राह्यली होती."